थोडक्यात सांगणारा दुभाषी

वकीलबाईंनी विचारलं होतं वहिनींना, आणि 'हो' म्हणाले भाऊसाहेब.

एकतीस वर्षांचा संसार असाच चालत आला होता, त्यामुळे वहिनींना त्यात वावगं काही वाटलं नाही. दारात एक तरुण वकीलबाई उभी होती. काखेत फायली, कपाळावर घाम, डाव्या चपलेचा पट्टा सेफ्टी पिनेनं कसाबसा अडकवलेला. "जिन्याखालच्या शिवणवालीशी तिच्या भाषेत बोलतात त्या ताई तुम्हीच ना?" तिनं विचारलं. वहिनींनी ओले हात पुसून तोंड उघडेपर्यंत आतून, वर्तमानपत्रामागून आवाज आला, "येते. ती भाषा आम्हाला येते. अकरा वर्षं काढलीत तिकडे. या, आत या."

यातलं 'आम्हाला' फारच उदार होतं. पाणीपुरवठा खात्यानं भाऊसाहेबांची डोंगरापलीकडे बदली केली होती हे खरं. पण कचेरीतला पत्रव्यवहार सगळा आपल्याच भाषेत, आणि शिपायापासून इंजिनियरपर्यंत माणसंही इकडचीच. भाऊसाहेब दहाला त्या कचेरीत शिरत आणि सहाला बाहेर पडत. बाकीचं सगळं गाव वहिनींच्या वाट्याला आलं. दूध, भाजी, घरमालकीण, मुलीच्या कांजिण्या, आणि नळाला पाणी का येत नाही याचा भाऊसाहेबांच्या खात्यातर्फे शेजारणींना रोजचा खुलासा. भांडता येईल इतकी भाषा त्यांना वर्षभरात आली. समजूत घालता येईल इतकी यायला मात्र तीन वर्षं लागली.

वकीलबाई पाणी प्यायली आणि तिनं हकिकत सांगितली. वहिनींना ती ठाऊकच होती, पण भाऊसाहेबांना नव्हती, म्हणून पुन्हा ऐकावी लागली. शिवणवालीनं इकडे आल्यावर चार वर्षं एका म्हाताऱ्या आजींची सेवा केली. आजींनी जायच्या दोन महिने आधी आपलं पायाचं शिलाई मशीन तिला देऊन टाकलं. जुनं, जड, नक्षीदार लोखंडी पायांचं. आजी गेल्या. पुढे सहा महिन्यांनी त्यांच्या पुतण्याला कुणीतरी सांगितलं, की असल्या मशीनला हल्ली हौशी लोक वाटेल ती किंमत देतात. झालं. पुतण्यानं चोरीची फिर्याद ठोकली, पोलीस मशीन उचलून घेऊन गेले, आणि शिवणवाली जिन्याखाली बसून हातानं टाके घालायला लागली. गिऱ्हाइकंही आटली. चोरीचा आळ असलेल्या बाईकडे आपली पँट आखूड करायला कोण टाकणार? शिक्षा झाली तर मशीनही जाणार आणि जिन्याखालची जागाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तसं बोलून ठेवलं होतं.

"चौकीत तिचा जबाब कसा घेतलाय माहीत आहे?" वकीलबाई म्हणाली. "हातवारे करून. तीन ओळींचा जबाब. तिसऱ्या ओळीवर तिचा अंगठा."

"अरेरे," भाऊसाहेब म्हणाले. "मुद्देसूद तरी लिहायचा."

मुद्द्यांवर भाऊसाहेबांचा फार जीव. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खात्याच्या सभांची इतिवृत्तं लिहिली. चार तास चाललेली सभा, तीत दोघांची हमरीतुमरी, एकाचा रडवेला राजीनामा, खुर्ची मोडल्याचा आवाज, हे सगळं त्यांच्या लेखणीतून 'साधकबाधक चर्चेअंती विषय पुढील सभेत घ्यावा असे ठरले' एवढंच होऊन बाहेर पडत असे. साहेब खूश, हमरीतुमरीवालेही खूश. निवृत्त झाल्यावर सभा संपल्या, पण सवय घरी आली. म्हणजे ती आधीही घरात होती, आता पूर्णवेळ झाली. वहिनींनी काही सांगायला सुरुवात केली की भाऊसाहेब म्हणत, "थोडक्यात सांग." मुलीनं आपलं आपण लग्न ठरवलं तेव्हा वहिनी अर्ध्या तासाच्या तयारीनं त्यांच्यासमोर बसल्या होत्या. थोडक्यात सांगायचं म्हणून "मुलीनं लग्न ठरवलंय" एवढंच सांगितलं, आणि उरलेली एकोणतीस मिनिटं वहिनींकडेच राहिली.

अशी किती मिनिटं साठली होती कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी जिन्याखाली ही शिवणवाली येऊन बसली, वहिनी चेन बदलायला गेल्या आणि तिच्या भाषेत सहज दोन शब्द बोलल्या. तेव्हापासून रोज दुपारी दोघी बोलत होत्या. चेन बदलून झालेली होती.

*

कोर्टाकडे दुभाष्यांची रीतसर यादी होती. त्या भाषेपुढे एकच नाव होतं, आणि त्या नावाचे गृहस्थ नऊ वर्षांपूर्वी वारले होते. तरीही कोर्टानं त्यांना दोनदा बोलावणं धाडलं होतं. दुसऱ्या बोलावण्यावर 'गैरहजर, कारण कळवलेले नाही' असा शेरा होता.

वकीलबाई हुशार होती. तिनं अर्जात वहिनींचंच नाव घातलं. पण कोर्टाच्या कारकुनानं चष्म्यावरून वहिनींकडे बघितलं.

"भाषा येत असल्याचा पुरावा?"

"बोलून दाखवते," वहिनी म्हणाल्या.

"मला कुठे कळणार आहे ती? कागद बोला."

"अकरा वर्षं राहिले हो मी तिथे."

"राहिल्याचा कागद?"

"माझी मुलगी तिथल्या शाळेत होती."

"मग तो मुलीचा कागद झाला, बाई. तुमचा कुठे आहे?"

वहिनींनी मनातल्या मनात तिकडचे सगळे कागद आठवून बघितले. वीजबिल भाऊसाहेबांच्या नावावर, घरभाड्याची पावती भाऊसाहेबांच्या नावावर. अकरा वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावाचा एकच कागद झाला होता, वाचनालयाचं कार्ड, आणि ते मुलीनं लहानपणी खाल्लं होतं.

भाऊसाहेबांकडे मात्र कागद होता. खात्याची भाषा परीक्षा, उत्तीर्ण, द्वितीय श्रेणी. त्या परीक्षेत दोनच प्रश्न असत, रजेचा अर्ज आणि 'पाण्याचे महत्त्व' हा निबंध. दोन्ही वहिनींनीच भांडी घासता घासता त्यांच्याकडून घोकून घेतलेले होते. प्रमाणपत्र शोधायला माळा तीन दिवस उपसावा लागला. सापडलं तेव्हा ते मुलीच्या शाळेच्या फोटोफ्रेममध्ये, फोटो हलू नये म्हणून मागे घातलेलं होतं.

मग त्याची साक्षांकित प्रत, दोन फोटो, चारित्र्य पडताळणी. पडताळणीसाठी एक हवालदार घरी आला. भाऊसाहेब अंघोळीला गेले होते, म्हणून त्यानं वेळ जायला शेजाऱ्यांकडे चौकशी केली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की भाऊसाहेब कशात तरी अडकलेत. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यात थांबवून म्हणाले, "काय झालं ते मला सांगू नका. पण कबूल काही करू नका."

"अहो, मी दुभाषी आहे!"

"तेच सांगा. सगळ्यांना तेच सांगा."

खरा प्रकार कळल्यावर सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. मास्तरांनी सांगितलं, न्यायाधीशांच्या डोळ्यात बघू नका, कपाळावर बघा. तळमजल्यावरची नर्स म्हणाली, सकाळपासून पाणी कमी प्या, तिथल्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं. सेक्रेटरी म्हणाले की सोसायटीचं नाव कुठं येता कामा नये. भाऊसाहेबांनी निरोप समारंभाचा कोट उन्हात टाकला. तो कंबरेपाशी घट्ट झाला होता. सैल करून द्यायला जिन्याखाली पाठवला, तर शिवणवालीनं तो हातानं, बारीक टाक्यांनी, दोन दिवस बसून सैल करून दिला.

हेच पुढे नडलं. कारण अर्जात एक रकाना होता, 'दुभाष्याचा आरोपीशी संबंध'. भाऊसाहेबांनी तिथे 'नाही' असं लिहिलं. मग त्यांचा प्रामाणिकपणा जागा झाला आणि त्यांनी खाली जोडलं, 'आरोपीने माझ्या चार पँटी आखूड व एक कोट सैल केलेला आहे'. अर्ज परत आला. हितसंबंध नसल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा म्हणून. त्यात एक महिना गेला. पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर, त्याच्या पुढच्या तारखेला वीज नाही. प्रत्येक तारखेला शिवणवाली पहाटे उठून, स्वच्छ कपडे घालून, दिवसभर बाकावर बसून परत येई. परतताना वहिनींना दर वेळी तेच विचारी, "ताई, आज त्यांनी माझं ऐकलं का?"

वहिनी दर वेळी सांगत, "आज नाही गं. पुढच्या वेळी." हे भाषांतर करायला सोपं होतं आणि सांगायला जड.

*

शेवटी ऐकणारा दिवस उगवला. कोर्टाची खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकीच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा, पंखा फिरतोय पण वारा नाही. न्यायाधीश दमलेले गृहस्थ होते. दर थोड्या वेळानं मान मागे टाकून डोळ्यांत औषधाचे थेंब घालत, आणि त्या वेळी कोर्ट जरा थांबे. कोपऱ्यात मशीन आणून ठेवलं होतं. त्याच्या लोखंडी पायाला सुतळीनं नंबराची चिठ्ठी बांधलेली. शिवणवाली आरोपीच्या कठड्यात उभी होती आणि मशीनवर साठलेल्या धुळीकडे बघत होती. घरातलं लेकरू बाहेर मळलेलं दिसल्यावर बाईमाणूस बघतं तसं.

आधी पुतण्याची साक्ष झाली. चांगला सेहेचाळीस वर्षांचा, चकचकीत बुटांचा माणूस. "काकू गेल्यावर खोली उघडली साहेब, तर मशीन गायब. ते घरातून हललंय हेच मला ठाऊक नव्हतं. मी तर जन्मात त्या मशीनला हात लावलेला नाही."

"हे आरोपीला समजावून सांगा," न्यायाधीश म्हणाले.

भाऊसाहेब उठले. कोट ओढला. न्यायाधीशांच्या कपाळाकडे बघितलं, मग शिवणवालीच्या. आणि भीतीनं सगळं पुसून जाऊन आत जे एकच अस्खलित वाक्य शिल्लक होतं ते खणखणीत आवाजात बाहेर पडलं. वहिनींनी मागच्या बाकावर डोळे मिटून घेतले. भाऊसाहेबांनी आरोपीला तिच्या भाषेत सांगितलं होतं, की प्रकृती अस्वास्थ्यामुळे आपल्याला सोमवारपासून तीन दिवसांची किरकोळ रजा मिळावी.

शिवणवालीनं काळजीनं काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" न्यायाधीश.

"समजलं म्हणते, साहेब," भाऊसाहेब म्हणाले.

ती म्हणाली होती, "भाऊंना बरं नाही का? बसवा ना त्यांना कुणीतरी."

मग तिचं म्हणणं विचारलं गेलं. ती बोलायला लागली आणि सात मिनिटं बोलली. हातांनी जिना दाखवला, दोन्हीकडून धरलेलं ओझं दाखवलं, वळण दाखवलं, मग एक पाय उचलून अंगठ्यावर फुंकर घातली. वहिनींनी ही गोष्ट दुपारच्या वेळी निदान दहा वेळा ऐकली होती, इतर शंभर गोष्टींसारखीच. पण पुतण्याचं 'हात लावलेला नाही' त्यांनी आत्ताच ऐकलं होतं. दोन्ही गोष्टी एकीशेजारी एक येऊन बसल्या आणि वहिनी बाकावर ताठ झाल्या.

न्यायाधीशांनी दुभाष्याकडे बघितलं. भाऊसाहेबांनी घसा साफ केला.

"मशीन आपणास भेट मिळाल्याचे आरोपी नमूद करते."

"एवढंच? सात मिनिटं बोलत होती ती."

"बाकी सविस्तर चर्चा झाली, साहेब. निष्कर्ष हा."

"अहो, अंगठा!" वहिनी उभ्या राहून म्हणाल्या.

सगळं कोर्ट मागे वळलं. दारातला पट्टेवाला "ओ बाई, खाली बसा" म्हणत धावला. न्यायाधीशांनी थेंबांची बाटली खाली ठेवली. पाच वाजले होते. "पुढची तारीख," ते म्हणाले. "आणि दुभाषी, नीट ऐका. मला निष्कर्ष नको. निष्कर्ष काढायला सरकारनं मला बसवलंय. तिचा शब्दन् शब्द हवा. आणि 'ती म्हणते' नाही. दुभाष्याला कोर्टात स्वतःचं तोंड नसतं. तिनं 'मी' म्हटलं की तुम्ही 'मी' म्हणायचं."

*

 घरात आल्यावर भाऊसाहेब कोट खुंटीला लावून म्हणाले, "भर कोर्टात 'अहो'! बत्तीस वर्षांत सभेत मला कुणी 'अहो' म्हटलं नाही."

"तुम्हाला कळलं का ती काय म्हणाली?"

"गाभा कळला."

"अंगठ्याचं कळलं?"

"तो तिनं उमटवलाच आहे की जबाबावर!"

वहिनी खुर्चीत बसल्या. त्यांना इतका थकवा आला होता की रागवायलाही उभारी नव्हती. त्यांनी सांगितलं. मशीन आजींच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली आणताना दुसरं टोक कुणी धरलं होतं? या पुतण्यानंच. त्याला त्या कोपऱ्यात आपला फ्रीज ठेवायचा होता. जिन्याच्या वळणावर मशीन त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आलं, नख काळंनिळं झालं, शिवणवालीनं पाणी गरम करून दिलं आणि तो लंगडत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेऊन आला.

भाऊसाहेबांनी स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं. "हे मुद्द्यात यायला हवं होतं," म्हणाले.

वकीलबाई तर हे ऐकून खुर्चीतून उडालीच. पण ते शिवणवालीच्या तोंडून, कोर्टासमोर, नोंदीवर यायला हवं होतं, आणि नोंदीवर दुभाषी म्हणून भाऊसाहेब होते. ते बदलायचे तर नवा अर्ज, नवे फोटो, नवा हवालदार. त्यापेक्षा, वकीलबाई काकुळतीनं म्हणाली, पंधरा दिवसांत काकांची तयारी करून घेता येणार नाही का?

तेव्हा तीस वर्षांपूर्वीसारख्या वहिनी पुन्हा भांडी घासायला उभ्या राहिल्या आणि भाऊसाहेब दाराच्या चौकटीला टेकून घोकायला लागले. जिना, वळण, फ्रीज, अंगठा, नख, गरम पाणी. पंधरा दिवसांत अंगठ्याचा उतारा त्यांचा तोंडपाठ झाला. मास्तर जिन्यात भेटले की परीक्षा घेत. द्वितीय श्रेणीची सगळी खात्री होती.

*

पण शिवणवालीला कुणी घोकून घेतलं नव्हतं. शब्दन् शब्द सांग म्हटल्यावर तिनं सुरुवातीपासून सुरुवात केली. जिन्यापासून नव्हे, जन्मापासून म्हणावं इतक्या मागून. शब्द साधे होते, सावकाश बोलत होती. पहिली काही वाक्यं भाऊसाहेबांना कळली, आणि कळली म्हणून म्हणावी लागली.

"मी," भाऊसाहेब म्हणाले आणि थांबले.

"हं," न्यायाधीश.

"मी सात वर्षांपूर्वी एकटी इथे आले. माझा नवरा मला टाकून गेला."

टंकलेखकाची बोटं क्षणभर थबकली. मुद्दाम ऐकायला आलेल्या मास्तरांनी तोंडाला रुमाल लावला. भाऊसाहेबांचे कान लाल झाले, पण मान ताठ होती. हेडक्लार्क होते ते. साहेबांनी सांगितलेलं काम अर्धवट सोडायचं नाही.

"मला एक मूल झालं होतं. ते राहिलं नाही. मी आजींना न्हाऊ घालायची, भरवायची. माझी भाषा त्या घरात कुणाला येत नव्हती." ते पुन्हा थांबले. आवाज जरा खाली आला. "मी बोलायला लागले की सगळे उठून जायचे. आजी मात्र बसून राहायच्या. त्यांनाही कळायचं नाही. पण माझं संपेपर्यंत त्या ऐकायच्या."

आता रुमाल कुणाच्याच तोंडाला नव्हता. वहिनी मागच्या बाकावर बसून आपल्या नवऱ्याच्या तोंडचा तो 'मी' ऐकत होत्या. त्यांना उगाचच पर्स उघडून काहीतरी शोधावंसं वाटलं.

शिवणवालीला मात्र वाटलं, की सगळं चांगलं पोचतंय. तिनं वेग घेतला. शब्द एकमेकांवर आदळत येऊ लागले, हात हलू लागले, आणि भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरून एकेक वाक्य निसटत गेलं. ती थांबली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. अंगठ्याचा उतारा त्यांच्या जिभेवर तयार होता. वकीलबाई डोळ्यांनी 'म्हणा, म्हणा' करत होती. नुसतं म्हणून टाकायचं होतं. कुणाला कळणार होतं?

भाऊसाहेबांनी मागच्या बाकाकडे बघितलं.

"तिकडे काय बघता?" न्यायाधीश म्हणाले.

"साहेब," भाऊसाहेब म्हणाले, "अंगठ्याचं मला पाठ आहे. पण ती आत्ता अंगठ्यापर्यंत आली आहे की नाही, ते मला कळत नाहीये."

"कोणता अंगठा?"

भाऊसाहेबांनी कोटाची बटणं लावली. "साहेब, वस्तुस्थिती अशी आहे की, प्रमाणपत्र माझे असून भाषा माझ्या पत्नीस अवगत आहे. सदर प्रमाणपत्रही तिच्याच परिश्रमांचे आहे. माझ्याकडून आरोपीचे नुकसान होण्याचा संभव आहे. सबब मला या कामातून मुक्त करावे, ही विनंती." आणि जरा थांबून म्हणाले, "तिच्याकडे कागद नाही."

कारकून पुढे सरसावला. "तेच मी त्या वेळी साहेब—"

"कागदाचं काय झालं ते आत्ताच बघितलं आपण," न्यायाधीश म्हणाले. त्यांनी वहिनींना पुढे बोलावलं. "भाषा कुठे शिकलात?"

"नळावर, साहेब."

न्यायाधीशांनी डोळे चोळले. "आरोपीला एवढंच विचारा, तिला काही हवंय का."

वहिनींनी विचारलं. शिवणवालीनं हळूच उत्तर दिलं.

"मी बसले तर चालेल का, साहेब?" वहिनी म्हणाल्या. "माझे पाय फार दुखतात. मागच्या तारखेलाही विचारायचं होतं, पण कुणाला विचारू ते कळेना."

 पट्टेवाला न सांगता उठला आणि स्वतःचंच स्टूल तिला नेऊन दिलं. न्यायाधीशांनी वहिनींना शपथ द्यायला सांगितलं.

मग वहिनींनी सांगितलं. फ्रीज, जिना, वळण, सगळं तिच्याच शब्दांत, तिच्याच थांबण्यांसकट. "आजी वरून ओरडत होत्या, अरे, जपून. त्याच्या उजव्या अंगठ्यावर पाय आला मशीनचा. नख काळं पडलं. मी पाणी गरम केलं. तो मला शिव्या देत होता, त्या मला कळल्या नाहीत, पण आजी म्हणत होत्या, तिला कशाला बोलतोस, तूच तर घाई केलीस. मग तो दवाखान्यात गेला, सुई टोचून आला. मी त्याला हळद लावू का विचारलं, तर—"

पुतण्यानं उजवा पाय बाकाखाली घेतला. अगदी हळूच घेतला, पण बूट करकरला.

"बूट काढा," न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, ते फुटबॉल खेळताना—"

"काढा हो."

नख नवीन आलं होतं, पण वाकडं आलं होतं. एवढ्यानं खटला निकालात निघत नाही, म्हणून वकीलबाईंनी दवाखान्याचं रजिस्टर मागवायचा अर्ज तिथेच खरडला. पुढच्या तारखेला रजिस्टर आलं. कंपाउंडरच्या अक्षरात नोंद होती, 'उ. पाय अंगठा, जिन्यात शि. मशीन पडून. इंजे. दिले.' तारीख आजी जायच्या दोन महिने आधीची.

शिवणवाली सुटली. भाऊसाहेबांनी वहिनींना कोपरानं ढोसलं आणि कुजबुजले, "बघ. नऊ शब्दांची नोंद. संक्षेपाला किंमत असते ती अशी."

वहिनींनी नुसती मान डोलावली. या दोन तारखांत त्यांना बोलायला पुरेसं मिळालं होतं.

*

मशीन परत मिळायला आणखी अठरा दिवस आणि चार सह्या लागल्या. न्यायला कोर्टात हमाल नव्हता आणि लिफ्टवर 'फक्त न्यायाधीशांसाठी' अशी पाटी होती. भाऊसाहेबांनी कोट काढून वहिनींकडे दिला, बाह्या सारल्या आणि दुसरं टोक धरलं. "दुभाष्याचं नाही जमलं, हमालाचं जमेल," म्हणाले. एका बाजूला शिवणवाली, एका बाजूला ते, मागून कोट घेऊन वहिनी, अशी वरात उतरायला लागली.

वळणावर शिवणवाली काहीतरी ओरडली.

"काय म्हणते?" भाऊसाहेबांनी मान वळवून विचारलं.

"पाय मागे घ्या म्हणते," वहिनींनी सांगितलं. पण दुभाष्यामार्फत येणाऱ्या गोष्टीला थोडा वेळ लागतोच.

संध्याकाळी भाऊसाहेब गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसले होते. उजवाच अंगठा. शिवणवालीनं पाणी ठेवून दिलं होतं, तळमजल्यावरच्या नर्सनं पट्टी दिली होती, आणि मास्तर येऊन "कबूल काही करू नका" असं सांगून गेले होते. खालून, जिन्याखालून, मशीनचा आवाज यायला लागला होता. मधेच थांबे, पुन्हा सुरू होई. वहिनींना कळत होतं, ती तेल घालून बघते आहे.

"मघाशी खाली तुला काय सांगत होती ती?" भाऊसाहेबांनी विचारलं. "बराच वेळ बोलत होतात."

"काही नाही. पट्टा सैल झालाय म्हणाली."

"एवढा वेळ?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. भाऊसाहेबांचा हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडे, पेन्सिलीकडे गेला होता. तो तिथेच जरा घुटमळला आणि रिकामा परत आला.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "तिचं झालं की मग तुझंही सांग. मुलीच्या लग्नाचं."

"त्याला आता नऊ वर्षं झाली, अहो."

"असू दे."

वहिनींनी पातेलीतलं गरम पाणी आणून टबात ओतलं, कारण हे लवकर संपण्यातलं नव्हतं. मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"तर त्या दिवशी काय झालं," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या खोलीत आले तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात. पण त्याच्या आधी, सकाळचं सांगायला हवं..."